वायरलेस नेटवर्कमधला शेड्यूलर: न्याय किती मिलिसेकंदांत मोजायचा?

तरंगलांबी

नमस्कार. एका बेस स्टेशनचं सिम्युलेशन लिहिते आहे आणि एका जागी अडले आहे, म्हणून हा धागा. ज्यांनी शेड्यूलर (कोणत्या क्षणी कोणाला डेटा पाठवायचा हे ठरवणारा प्रोग्राम) प्रत्यक्ष लिहिला किंवा चालवला आहे त्यांचं मत हवंच आहे, पण विषय नवा असलेल्यांनीही विचारावं. त्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते.

एक सेल, म्हणजे एका टॉवरचा परिसर, आणि वीस वापरकर्ते, त्यातले दोघे धावत्या गाडीत. सगळ्यांना टॉवरकडून सतत डेटा हवा आहे. एलटीईत (४जीत) २० मेगाहर्ट्झची वाहिनी घेतली की तिचे १०० रिसोर्स ब्लॉक होतात. एक ब्लॉक १८० किलोहर्ट्झचा, म्हणजे १५ किलोहर्ट्झच्या १२ उपवाहिन्या. हे ब्लॉक कोणाला द्यायचे ते दर मिलिसेकंदाला नव्याने ठरवायचं. सेकंदाला हजार निर्णय, आणि प्रत्येक वेळी प्रत्येकाच्या सिग्नलची अवस्था निराळी.

नेहमीच्या तिन्ही पद्धती लावून पाहिल्या. राउंड रॉबिन, म्हणजे क्रमाने प्रत्येकाला पाळी. मॅक्स रेट, म्हणजे या क्षणी ज्याला सर्वाधिक वेगाने पाठवता येईल त्यालाच पाळी. आणि प्रपोर्शनल फेअर, थोडक्यात पीएफ. पीएफमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचा या क्षणी शक्य असलेला वेग घ्यायचा, त्याला आतापर्यंत मिळालेल्या सरासरी वेगाने भागायचं, आणि ज्याचा भागाकार मोठा त्याला पाळी. उदाहरणार्थ, जवळच्या फोनला सरासरी २० मेगाबिट मिळत आहेत आणि आत्ता २२ शक्य आहेत, तर भागाकार १.१. सेलच्या कडेच्या फोनची सरासरी २ आहे आणि आत्ता ३ शक्य आहेत, तर १.५. पाळी कडेच्या फोनला, कारण त्याच्या दृष्टीने हा चांगला क्षण आहे.

माझी अडचण त्या सरासरीची आहे. सरासरी किती मागच्या काळाची घ्यायची? ही काळाची खिडकी लहान केली की पीएफ जवळजवळ राउंड रॉबिनसारखं वागायला लागतं. मोठी केली की सेलचा एकूण वेग चढतो, पण कडेच्या फोनला दोन पाळ्यांमध्ये बराच वेळ ताटकळावं लागतं. पुस्तकांत 'पुरेशी मोठी' एवढंच लिहिलेलं असतं. पुरेशी म्हणजे किती, आणि ते ठरवायचं कशावरून?

मी_नवशिकी

अगदी मुळातला प्रश्न विचारते. सगळ्यांना सारखा डेटा द्यावा, इतकं सरळ का करत नाहीत? सगळ्यांना समान वेग मिळाला तर तक्रारीला जागाच उरणार नाही ना?

घरचा_राउटर

नवशिकी, जुन्या वायफायने नेमकं हेच केलं होतं, तेही कोणी मुद्दाम ठरवलेलं नसताना. त्याचं गणित एकदा हाताने करून पाहावं असं आहे.

एका राउटरवर दोन लॅपटॉप आहेत. एक शेजारीच, ५४ मेगाबिटने बोलणारा. दुसरा दोन भिंतींपलीकडे, ६ मेगाबिटने. वायफायची मूळ पद्धत प्रत्येकाला पॅकेट पाठवायची सारखी संधी देते. दोघांची पॅकेटं सारख्याच आकाराची आहेत असं धरा. सावकाश बोलणाऱ्याचं पॅकेट हवेत नऊपट वेळ घेतं. म्हणजे दहातला नऊ भाग वेळ तो खातो आणि वेगवान लॅपटॉपला एक भाग उरतो. मधला वाया जाणारा वेळ सोडून दिला तर दोघांनाही ५.४ मेगाबिट मिळतात. समता अगदी पक्की! पण ५४ ची कुवत असलेला माणूस सहाच्याही खाली आला, आणि दूरच्या माणसाला त्यातून फारसं काही मिळालं नाही. एकूण वेग १०.८.

आता डेटा सारखा न देता हवेतला वेळ सारखा द्या. पहिल्याला २७, दुसऱ्याला ३, एकूण ३०. दूरच्याचं नुकसान झालं खरं, ५.४ वरून ३ वर आला. पण तो एकटाच असता तरी त्याला ६ च्या वर काही मिळणार नव्हतं. दोघांत वाटणी म्हणजे निम्मं, आणि निम्मं त्याला मिळतंय. शेजाऱ्याच्या वेगाने त्याचं काही बिघडत नाही, आणि त्याच्या सावकाशपणाने शेजाऱ्याचं.

मला दुसरी वाटणी जास्त न्याय्य वाटते. २०१७ मध्ये लिनक्सच्या वायफाय थरासाठी हवेतल्या वेळाच्या समान वाटणीचं काम प्रसिद्ध झालं. रांगेत किती बाइट आहेत याऐवजी कोणत्या उपकरणाने किती मायक्रोसेकंद हवा वापरली याचा हिशोब ठेवायचा, आणि ज्याची शिल्लक संपली त्याला पुढच्या फेरीपर्यंत थांबवायचं. कल्पना साधी आहे, पण ती वापरकर्त्यांपर्यंत यायला फार वर्षं गेली.

खडू_फळा

घरचा_राउटर यांच्या आकड्यांवरूनच पीएफचं मर्म दाखवता येतं. दोघांच्या वेगांचा गुणाकार करा. समान डेटा: ५.४ गुणिले ५.४, म्हणजे २९.१६. समान वेळ: २७ गुणिले ३, म्हणजे ८१. सगळं वेगवान लॅपटॉपला: ५४ गुणिले शून्य, म्हणजे शून्य. पहिल्याला वेळेचा क्ष हिस्सा दिला तर गुणाकार ५४क्ष गुणिले ६(१−क्ष) होतो, आणि तो क्ष निम्मा असतानाच सर्वांत मोठा असतो. कुवत ५४ आणि ६ ऐवजी ५४० आणि १ असती तरी उत्तर निम्मंच आलं असतं.

फ्रँक केली यांनी १९९७-९८ च्या सुमारास मांडलेली प्रपोर्शनल फेअरनेस ती हीच. वेगांचा गुणाकार मोठा करा, किंवा वेगांच्या लॉगची बेरीज मोठी करा, दोन्ही एकच. त्याचा अर्थ असा: या वाटणीपासून दुसऱ्या कुठल्याही वाटणीकडे गेलात तर सगळ्यांच्या टक्केवारीतल्या नफ्यातोट्याची बेरीज शून्याच्या वर जात नाही. एकाला १० टक्के वाढवून देण्यासाठी बाकीच्यांकडून मिळून किमान तेवढे टक्के काढावे लागतात.

२००० साली मो आणि वॉलरँड यांनी याला एक आकडा जोडला, अल्फा. अल्फा शून्य असेल तर एकूण वेग हेच ध्येय. एक असेल तर पीएफ. अनंताकडे गेला तर सर्वांत मागच्याला आधी वर आणा. त्यामुळे 'न्याय्य शेड्यूलर' असं नुसतं म्हणून काहीच सांगितल्यासारखं होत नाही. अल्फा किती ते सांगावं लागतं.

पण तरंगलांबी यांचा प्रश्न अल्फाच्या पलीकडचा आहे. हा गुणाकार कुठल्या काळातल्या वेगांचा? या मिलिसेकंदातल्या? एका सेकंदातल्या? तासाभरातल्या? सिद्धांत सांगतो की खिडकी अनंताकडे नेली की पीएफचा नियम दीर्घकालीन लॉगची बेरीज सर्वांत मोठी करतो. फोन हातात धरलेल्या माणसाला त्या अनंताचा काही उपयोग नाही.

रात्रपाळी

बरीच वर्षं बेस स्टेशनच्या सॉफ्टवेअरवर काम केलं आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

नवशिक्यांना आधी एक गोष्ट माहीत असावी. मोबाइल नेटवर्कची मानकं लिहिणाऱ्या थ्रीजीपीपीच्या मानकात शेड्यूलर नाही. फोनने काय कळवायचं, बेस स्टेशनने पाळी कशी कळवायची, चुकलेलं पॅकेट पुन्हा कसं मागायचं, हे सगळं बिटाबिटापर्यंत लिहिलेलं आहे. पाळी कोणाला द्यायची हे मात्र प्रत्येक उत्पादकावर सोडलं आहे. एकाच प्रकारच्या फोनचा अनुभव दोन नेटवर्कवर वेगळा येतो त्याची अनेक कारणं असतात, त्यातलं हे एक मोठं.

आता खिडकी. पीएफ वापरात आलं ते सीडीएमए या जुन्या मोबाइल तंत्राच्या घराण्यातल्या एचडीआर या डेटा पद्धतीत, जी पुढे ईव्ही-डीओ झाली. तिथे स्लॉट १.६७ मिलिसेकंदांचा होता आणि खिडकी १००० स्लॉटची धरत, म्हणजे साधारण १.६७ सेकंद. हा आकडा चालणाऱ्या माणसाच्या सिग्नलमधून आला आहे. २ गिगाहर्ट्झला ताशी ३ किलोमीटर वेगाने चालणाऱ्याचा डॉप्लर (हालचालीमुळे फ्रीक्वेन्सीत पडणारा फरक) सुमारे ५.६ हर्ट्झ. म्हणजे त्याचा सिग्नल शंभरेक मिलिसेकंदांच्या मापाने वरखाली होतो. 'त्याच्या दृष्टीने चांगला क्षण' कोणता हे ओळखायचं तर अशा अनेक चढउतारांची सरासरी हाताशी हवी. म्हणून खिडकी सेकंदाच्या घरात.

हे झालं खालचं बंधन. वरचं बंधन हवेत नाहीच, ते वरच्या थरांत आहे. टीसीपीला, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचल्याची खात्री करणाऱ्या नियमाला, पोच वेळेत आली नाही तर तो पॅकेट हरवलं असं समजतो आणि वेग एकदम खाली आणतो. लिनक्समध्ये ही वाट पाहण्याची किमान मुदत २०० मिलिसेकंद आहे. तुमच्या कडेच्या फोनला आतापर्यंत भरभर पोच मिळत होती आणि मधेच शेड्यूलरने त्याला पाव सेकंद थांबवलं, तर टीसीपी नेटवर्क कोंडलं आहे असं समजून पाय मागे घेईल. त्याची रांग रिकामी होईल, आणि पाळी येईल तेव्हा पाठवायला काही नसेल. तुमच्या सिम्युलेशनमध्ये रांगा कायम भरलेल्या आहेत, त्यामुळे हे तिथे दिसणारच नाही. आधी खरी टीसीपी जोडा. मग खिडकी आणि वेग यांच्या आलेखाला टोक आलेलं दिसेल.

तरंगलांबी

रात्रपाळी, आभार. हे दुसरं बंधन माझ्या ध्यानातच आलं नसतं. एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये टीसीपीसह चालवून पाहते.

पण मग दोन बंधनांमध्ये जागा किती उरते? खालून शंभरेक मिलिसेकंदांचे अनेक चढउतार, वरून दोनशे मिलिसेकंद. ही दोन्ही एकमेकांवर चढतात.

रात्रपाळी

चढतातच. निव्वळ वेळेच्या अक्षावर यातून सुटका नाही. सुटका फ्रीक्वेन्सीच्या अक्षावर आहे.

सिग्नल अनेक वाटांनी फोनपर्यंत पोहोचतो. वाटांच्या लांबीत फरक असतो, त्यामुळे काही फ्रीक्वेन्सींवर लाटा एकमेकींना बळ देतात आणि काहींवर मारतात. वाटांमधला फरक साधारण १ मायक्रोसेकंदाचा असेल, तर दोनेकशे किलोहर्ट्झवर चित्र बदलायला लागतं. म्हणजे १८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकाच क्षणी एका फोनसाठी अनेक शिखरं आणि अनेक दऱ्या असतात, आणि शेजारच्या फोनची शिखरं दुसरीकडेच असतात. मग चांगल्या क्षणाची वाट कशाला बघायची? याच मिलिसेकंदात त्याला त्याचे चांगले ब्लॉक द्या, तिला तिचे द्या. दोघांनाही आपापल्या शिखरावर पाळी मिळाली आणि कोणी थांबलं नाही.

यासाठीच पीएफचा भागाकार प्रत्येक ब्लॉकसाठी वेगळा काढतात. भागायची सरासरी तीच, पण वरचा आकडा त्या ब्लॉकवरचा. हे केलंत की खिडकी बरीच लहान करूनही एकूण वेग फारसा पडत नाही.

अर्थात फुकट काहीच नाही. शिखरं कुठे आहेत हे फोनने कळवावं लागतं. सिग्नल किती चांगला आहे हे सांगणारा सीक्यूआय हा चार बिटांचा आकडा, ० ते १५. संपूर्ण पट्ट्यासाठी एकच आकडा पाठवला तर शिखरं दिसत नाहीत. उपपट्ट्यांचे वेगळे आकडे पाठवायचे तर २० मेगाहर्ट्झला ८-८ ब्लॉकचे १३ उपपट्टे होतात, आणि तो सगळा भार अपलिंकवर, म्हणजे फोनकडून टॉवरकडच्या वाटेवर, पडतो. शिवाय कळवलेला आकडा वापरला जाईपर्यंत काही मिलिसेकंद जुना होतो. चालणाऱ्यासाठी ते चालतं. ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतल्या फोनचा डॉप्लर १८५ हर्ट्झ, म्हणजे दोनेक मिलिसेकंदांत चित्र पालटतं. त्याच्या उपपट्ट्यांच्या अहवालाच्या मागे धावण्यात अर्थ नाही. त्याला पट्टाभर पसरलेले ब्लॉक द्यावेत आणि सरासरीवर चालवावं. तुमच्या गाडीतल्या दोघांना आधी वेगळं काढा.

खडू_फळा

'शिखरावर पाळी' याचा फायदा नेमका किती, हे सांगायला हवं. मला हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

एकच वापरकर्ता असेल तर सिग्नलची पडझड हा निव्वळ तोटा. वापरकर्ते अनेक असले की तीच पडझड कमाईचं साधन होते. नॉप आणि हंबलेट यांनी १९९५ मध्ये हे दाखवलं. सगळ्यांची सरासरी सारखी आहे आणि सिग्नल रेले नियमाने (अनेक वाटांच्या लाटा मिसळल्यावर होणाऱ्या चढउताराचं नेहमीचं गणित) वरखाली होतो असं धरा. प्रत्येक क्षणी सर्वांत वरचा निवडला, तर त्या निवडलेल्याच्या सिग्नलची शक्ती सरासरीच्या किती पट? उत्तर आहे १ + १/२ + १/३ + … अशी वापरकर्त्यांच्या संख्येपर्यंतची बेरीज. दोघे असतील तर १.५ पट. चौघे असतील तर सुमारे २.०८. दहा असतील तर २.९३. शंभर असले तरी ५.१९ च. पहिले काही वापरकर्ते बरंच देतात, पुढचे थोडंथोडं.

वेग मात्र शक्तीच्या लॉगने वाढतो. ज्यांचा सिग्नल आधीच भक्कम आहे त्यांना तिप्पट शक्तीचा फायदा थोडा, कडेच्यांना मोठा. शिखर पकडण्याचा सर्वाधिक लाभ दुर्बळांना होतो. मॅक्स रेटमध्ये त्यांची पाळीच येत नाही म्हणून तो दिसत नाही, पीएफमध्ये दिसतो.

मग टेबलावर ठेवलेल्या फोनचं काय? त्याचा सिग्नल हलतच नाही, शिखर येणार कुठून? विश्वनाथ, त्से आणि लारोइया यांनी २००२ मध्ये यावर उपाय मांडला. बेस स्टेशनवर दोन अँटेना लावा, दोन्हींतून तोच सिग्नल सोडा, आणि त्यांच्यातली फेज (लाटांचं पुढेमागे असणं) आणि शक्तीची वाटणी मुद्दाम हळूहळू बदलत राहा. स्थिर फोनलाही सिग्नल वरखाली होताना दिसू लागतो. पुरेसे वापरकर्ते असतील तर प्रत्येक क्षणी बीम (सिग्नलचा झोत) कोणाच्या तरी दिशेला जवळजवळ अचूक असतोच, आणि पीएफ त्यालाच पाळी देतो. पडझड नसेल तिथे ती निर्माण करायची! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या पानावरच होतो.

अनुस्वार

इथवरची चर्चा भरलेल्या रांगांची झाली. मी आवाजाच्या बाजूने लिहितो, तिथे प्रश्नच वेगळा आहे.

व्होल्टीमध्ये, म्हणजे एलटीईवरच्या फोन कॉलमध्ये, बोलणं चालू असताना दर २० मिलिसेकंदांनी एक लहानसं पॅकेट येतं. त्याला वेग नको असतो, वेळेवर पोहोचणं हवं असतं. एलटीईत आवाजासाठी विलंबाची मर्यादा १०० मिलिसेकंद ठेवली आहे आणि शंभरात एखादं पॅकेट हरवलेलं चालतं. साठवून पाहण्याच्या व्हिडिओला ३०० मिलिसेकंद चालतात, पण तिथे हरवण्याची मुभा दहा लाखांत एक. दोघांना एकाच पीएफखाली ठेवलंत तर आवाजाचं काय होतं पाहा. त्याला मिळणारी सरासरी नेहमीच अत्यल्प, त्यामुळे भागाकार नेहमीच प्रचंड. तो सतत वर राहतो, आणि पॅकेट कडेच्या फोनचं असेल तर अगदी वाईट ब्लॉकवरही लगेच जातं, जरी त्याच्या हातात अजून ६० मिलिसेकंद असले तरी. घाई नसताना घाई. त्याचे ब्लॉक मात्र बाकीच्यांच्या खिशातून जातात.

एम-एलडब्ल्यूडीएफ हा शेड्यूलिंगचा नियम मला म्हणून आवडतो. पीएफच्या भागाकाराला रांगेतल्या पहिल्या पॅकेटच्या वयाने गुणायचं, आणि मुदत जितकी कडक तितका गुणक मोठा. पॅकेट ताजं असेल तर शेड्यूलर चांगला क्षण येण्याची वाट पाहू शकतो. मुदत जवळ आली की वजन चढतं आणि पाळी मिळतेच. न्यायाची मुदत इथे पॅकेट स्वतःच सांगतं, कोणी बाहेरून खिडकी ठरवायची गरज राहत नाही.

दुसरी अडचण लोक विसरतात ती नियंत्रण वाहिनीची. प्रत्येक पाळी फोनला कळवावी लागते. एलटीईत मिलिसेकंदातल्या १४ चिन्हांपैकी सुरुवातीची १ ते ३ त्यासाठी असतात. सेलमध्ये शंभरेक जण बोलत असतील तर डेटाची जागा शिल्लक असूनही 'तुझी पाळी' सांगायची जागा संपते. म्हणून आवाजासाठी अर्ध-कायम वाटप असतं. एकदाच सांगायचं की दर २० मिलिसेकंदांनी हे ब्लॉक तुझे, आणि माणूस बोलायचा थांबला की काढून घ्यायचे.

मी_नवशिकी

घरचा_राउटर आणि खडू_फळा, ५४ आणि ६ चं गणित वहीत करून पाहिलं. गुणाकाराची गोष्ट आता नीट कळली.

एक शंका आहे. फोनकडून टॉवरकडे पाठवताना रांग तर फोनच्या आत असते. टॉवरला ती दिसते कशी?

रात्रपाळी

दिसत नाही, मागून घ्यावी लागते. फोन आधी एका राखीव क्षणी 'मला पाठवायचं आहे' एवढाच इशारा देतो. टॉवर त्याला थोडी जागा देतो. त्या जागेत फोन आपल्या रांगेचा अंदाजे आकार कळवतो. मग खरी पाळी. एलटीईत परवानगी मिळाल्यापासून प्रत्यक्ष पाठवेपर्यंत चार मिलिसेकंद जातात, आणि इशाऱ्याचा क्षण १०-२० मिलिसेकंदांतून एकदाच येत असेल तर ती वाटही त्यात धरा. अपलिंकवर लहान पॅकेटांना जो उशीर होतो त्यातला मोठा भाग या विचारपूसीचाच असतो. ५जीत म्हणून आधीच दिलेली परवानगी आहे, न विचारता पाठवायची.

अपलिंकचं आणखी एक वेगळेपण आहे. टॉवर आपली शक्ती हवी तशी वाटू शकतो, फोनकडे मात्र साधारण २०० मिलिवॅटच असतात. कडेच्या फोनवर दया येऊन त्याला जास्त ब्लॉक दिलेत तर तेवढीच शक्ती जास्त ब्लॉकांवर पसरते आणि प्रत्येक ब्लॉक क्षीण होतो. त्याला थोडेच ब्लॉक द्यायचे, पण वारंवार द्यायचे. डाउनलिंकचा शेड्यूलर जसाच्या तसा उलटा लावणारे इथेच फसतात.

घरचा_राउटर

वायफाय ६ मध्येही हे आलं आहे. पूर्वी प्रत्येक उपकरण स्वतः कान देऊन, हवा मोकळी दिसली की बोलायचं. आता राउटर ट्रिगर फ्रेम पाठवून सांगू शकतो की तुम्ही नऊ जण एकदम बोला, प्रत्येकाने आपल्या पट्टीत. २० मेगाहर्ट्झमध्ये २६ उपवाहिन्यांच्या नऊ पट्ट्या बसतात. लहान पॅकेटांसाठी हे फार उपयोगाचं आहे, कारण पूर्वी प्रत्येक पॅकेटमागे वाट पाहणं, प्रस्तावना (पॅकेटआधीचा ओळखीचा सिग्नल) आणि पोच यांतच बराच वेळ जायचा.

पण वायफायची हवा परवान्याची नाही. शेजारचा राउटर तुमच्या शेड्यूलरला जुमानत नाही. ट्रिगर पाठवण्यासाठी आधी हवा जिंकावी लागते. म्हणून इथे दर मिलिसेकंदाची हमी कोणी देऊ नये असं माझं ठाम मत आहे. दहा-वीस मिलिसेकंदांच्या पल्ल्यावर वेळेची समान वाटणी राखली, आणि रांगेत पॅकेटं शिळी होऊ दिली नाहीत, तर पुष्कळ झालं. रांगेचं काम एफक्यू-कोडेल हा अल्गोरिदम करतो, ५ मिलिसेकंदांहून जास्त उशीर १०० मिलिसेकंदांपर्यंत टिकला तर पॅकेटं टाकायला सुरुवात करून.

खडू_फळा

मॅक्सवेट या शेड्यूलरचं नाव अजून कसं आलं नाही? टासियुलस आणि एफ्रेमिडीस, १९९२. रांगेची लांबी गुणिले शक्य वेग, ज्याचा गुणाकार मोठा त्याला पाळी. पॅकेटं किती दराने येतात हे आधी ठाऊक नसतानाही, कुठल्याही शेड्यूलरला सांभाळता येईल तेवढा भार हा नियम सांभाळतो. इतका साधा नियम आणि इतकी मोठी हमी.

रात्रपाळी

हमी खरी आहे, पण तिच्यामागचं गृहीतक असं की वापरकर्ते ठरलेले आहेत आणि कायम राहणार आहेत. प्रत्यक्षात माणूस येतो, एक पान उघडतो, जातो. त्याच्या शेवटच्या दोन पॅकेटांची रांग लांब होणारच नाही, म्हणून त्याचं वजनही वाढत नाही. मोठी फाइल उतरवणारा मात्र लांब रांगेच्या जोरावर पुढे राहतो. रांगेच्या लांबीऐवजी पॅकेटचं वय घेतलं की हे सुधारतं, आणि मग आपण अनुस्वार यांच्या नियमापाशी येतो.

तरंगलांबी

मंडळी, सगळं वाचून सिम्युलेशन बदललं. खरी टीसीपी जोडली, भागाकार ब्लॉकागणिक काढला, गाडीतल्या दोघांना पट्टाभर पसरलेले ब्लॉक दिले. रात्रपाळी म्हणाले तसं टोक आलं. खिडकी वाढवत नेली की कडेच्या फोनांचा वेग आधी वाढतो आणि मग घसरतो. घसरण सुरू होते तिथे टीसीपीच्या मुदती उलटताना नोंदीत स्पष्ट दिसतात. ब्लॉकागणिक निवड बंद केली की तेच टोक डावीकडे सरकतं आणि बुटकं होतं.

मोजायची पद्धतही बदलली. आधी मी वाटणी किती समान आहे हे सांगणारा जैन यांचा निर्देशांक संपूर्ण धावेवर काढत होते. बेरजेचा वर्ग भागिले वर्गांच्या बेरजेची संख्यापट, सगळे सारखे असतील तर १, वीसपैकी एकालाच सगळं मिळालं तर ०.०५. संपूर्ण धावेवर हवेतल्या वेळाच्या वाटणीचा हा निर्देशांक पीएफला जवळजवळ १ येतो आणि सगळं छान दिसतं. आता तोच मी १ मिलिसेकंद, १०, १००, १००० अशा वेगवेगळ्या तुकड्यांवर काढते. प्रत्येक शेड्यूलरची एक रेषा मिळते: डावीकडे खाली, उजवीकडे वर. राउंड रॉबिनची रेषा लवकर चढते. लांब खिडकीचा पीएफ उशिरा. मॅक्स रेट चढतच नाही. या रेषेवर आवाजाचे १०० मिलिसेकंद आणि टीसीपीचे २०० मिलिसेकंद अशा दोन उभ्या खुणा केल्या की कुठला शेड्यूलर कोणासाठी चालेल ते बघताक्षणी कळतं.

अनुस्वार

ही रेषा फार उपयोगाची आहे. एकच सुचवतो, सरासरी रेषेबरोबर प्रत्येक फोनच्या दोन पाळ्यांमधलं सर्वांत लांब अंतरही काढा. निर्देशांक वीस जणांचा मिळून असतो, त्यात एक फोन उपाशी राहिला तरी आकडा ०.९५ दिसतो.

तरंगलांबी

काढते. पहिल्या धावेतच दिसलं, गाडीतल्या दोघांपैकी एकाचं अंतर बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे आहे. त्याचा कळवलेला सीक्यूआय खरा निघत नाही, पॅकेट चुकतं, पुन्हा पाठवावं लागतं.

रात्रपाळी

त्याच्यासाठी बाहेरचं सुधारणेचं वर्तुळ (आउटर लूप, म्हणजे पोच आली की चुकलं यावरून सिग्नलचा अंदाज सुधारत राहणं) चालू आहे का? पोच आली की अंदाज ०.१ डेसिबलने वर, चुकलं की ०.९ ने खाली. या प्रमाणात ठेवलं की चुका आपोआप १० टक्क्यांवर स्थिरावतात, फोन काहीही कळवो. पायरी सगळ्यांना एकच ठेवली असेल तर गाडीतल्यांसाठी ती दुप्पट करून बघा, प्रमाण तेच ठेवून. आणि पुन्हा पाठवायच्या पॅकेटांना पीएफच्या स्पर्धेत उतरवू नका, त्यांना आधी जागा द्या. एलटीईत डाउनलिंकचं पुनर्प्रेषण साधारण ८ मिलिसेकंदांनी करता येतं, तेवढ्यात ते निघालं पाहिजे. ते स्पर्धेत अडकलं की मागची सगळी पॅकेटं क्रमासाठी थांबतात, आणि तुम्हाला दिसणारं लांब अंतर बहुधा तिथेच तयार होतंय.